अमेरिकेतल्या वसाहतकाळातल्या शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉस्टनला मुलाकडे-मुलीकडे आलेले आई-बाबा स्कूल स्ट्रीटवर एकदा तरी येतातच. जुन्या सिटी हॉलसमोरच्या फुटपाथवर एक रंगीत मोझेक आहे, ठिकरीच्या डावाच्या चौकोनांची आठवण करून देणारं. बॉस्टन लॅटिन स्कूल याच जागी होतं, त्याची ती खूण. शेजारी बेंजामिन फ्रँकलिनचा पुतळा. फोटो काढून झाले की प्रश्न सुरू होतात, आणि घरी गेल्यावर राहिलेले व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न ७ वाचा. बाकीच्या अर्ध्या उत्तरांची किल्ली तिथे आहे.

१. वसाहतकाळ म्हणजे कधीपासून कधीपर्यंत?

इंग्रजांनी १६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाऊन वसवलं तिथपासून १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंत. आपल्या हिशेबात शिवजन्माच्या आधी तेवीस वर्षांपासून ते नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर तीन वर्षांपर्यंत. शेवटी शेवटी इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या आणि प्रत्येकीचा कारभार वेगळा होता. त्यामुळे 'तेव्हा अमेरिकेत असं शिकवत' या वाक्याला फारसा अर्थ नाही. उत्तरेकडे न्यू इंग्लंड (बॉस्टन ज्यात येतं ते मॅसॅच्युसेट्स, शिवाय कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड वगैरे), मध्ये न्यूयॉर्क-पेनसिल्व्हेनिया, खाली व्हर्जिनिया-कॅरोलिना असे तीन तुकडे डोळ्यांसमोर ठेवा. या पानावर न्यू इंग्लंडला जास्त जागा मिळाली आहे, कारण कायदे करून शाळा काढण्याचा उद्योग तिथल्या लोकांनी केला.

२. पहिली शाळा नक्की कोणती? प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव वाचायला मिळतं.

'पहिली' कशाला म्हणायचं त्यावर ते ठरतं, आणि प्रत्येक शाळेने आपल्या सोयीचं विशेषण पुढे जोडून घेतलं आहे. बॉस्टन लॅटिन १६३५ चं. नगरसभेने फिलेमन पॉरमॉर्ट यांना मास्तर होण्याची विनंती केली आणि शाळा सुरू झाली. ती आजही चालू आहे. पण ती मोठ्या मुलांची, लॅटिनची शाळा (प्रश्न ९ पाहा). लहान मुलांच्या सार्वजनिक शाळेचा मान डॉर्चेस्टरची मॅथर स्कूल सांगते, वर्ष १६३९. सर्वांवर कर बसवून शाळा चालवायची असं डेडहॅम गावाने १६४४ च्या सुमारास ठरवलं आणि वर्षाला २० पौंड बाजूला काढले.

न्यूयॉर्कवाल्यांना यातलं काहीच मान्य नसतं. ते शहर डचांचं असल्यापासूनची आमची शाळा, असं ते सांगतात. तिथला पहिला मास्तर अ‍ॅडम रूलान्टसन १६३८ मध्ये आला. पगारावर भागत नसावं, कारण तो लोकांचे कपडे धुऊन द्यायचा, आणि धुलाईच्या थकलेल्या पैशांसाठी त्याने कोर्टात दावा लावल्याची नोंद आहे.

व्हर्जिनियातल्या बेंजामिन सिम्स यांनी तर १६३५ च्या आसपासच्या मृत्युपत्रातच मोफत शाळेसाठी २०० एकर जमीन आणि आठ गाई ठेवल्या होत्या. गाईंचं दूध आणि पुढची वासरं विकून शाळा चालवायची. मला स्वतःला हा दावेदार सगळ्यांत आवडतो.

३. जंगल तोडून घरं उभी राहिली नाहीत तोच या लोकांना शाळांची घाई का झाली?

धर्मामुळे. मॅसॅच्युसेट्समध्ये आलेले बहुतेक जण प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधले कडवे प्रोटेस्टंट ख्रिस्ती होते. देवाचं वचन प्रत्येकाने स्वतः बायबलमध्ये वाचायचं, पाद्र्याच्या तोंडून ऐकून भागणार नाही, ही त्यांची श्रद्धा. ज्याला वाचता येत नाही त्याचा आत्मा धोक्यात, इतकं ते सरळ होतं. मुलांना नोकरी लागावी, देशात लोकशाही रुजावी वगैरे गोष्टी तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हत्या.

दुसरी धास्ती पाद्र्यांची. आलेल्यांत इंग्लंडमधल्या केंब्रिजला शिकलेले पुष्कळ होते. ते म्हातारे होऊन गेल्यावर प्रवचन करणार कोण? म्हणून १६३६ मध्येच वसाहतीच्या सभेने कॉलेजसाठी ४०० पौंड मंजूर केले. दोन वर्षांनी जॉन हार्वर्ड नावाचा तरुण पाद्री वारला. त्याने अर्धी मालमत्ता आणि ४०० च्या आसपास पुस्तकं कॉलेजला दिली आणि नाव त्याचं लागलं. थोडक्यात, आधी कळस उभा राहिला आणि पाया नंतर भरला.

४. १६४२ चा कायदा आणि १६४७ चा कायदा एकच का?

नाही, आणि परीक्षेची तयारी करणारे इथे हमखास चुकतात. १६४२ च्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात शाळेचं नावसुद्धा नाही. त्यात जबाबदारी आई-बापांवर आणि उमेदवार पोरं ठेवणाऱ्या कारागिरांवर टाकली होती: मुलाला वाचता आलं पाहिजे, धर्माची मूळ तत्त्वं आणि मोठ्या गुन्ह्यांचे कायदे कळले पाहिजेत. गावच्या कारभाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहायचं, हयगय दिसली तर दंड करायचा, आणि वेळ पडली तर मूल काढून दुसऱ्याच्या हाताखाली ठेवायचं.

ते पुरेसं होईना म्हणून १६४७ चा कायदा आला. यात जबाबदारी गावावर गेली. ५० घरं झाली की लिहायला-वाचायला शिकवणारा माणूस नेमा. १०० घरं झाली की कॉलेजसाठी मुलं तयार करणारी ग्रामर स्कूल काढा. नाही तर ५ पौंड दंड. कायद्याची सुरुवात मजेशीर आहे: माणसांना धर्मग्रंथापासून दूर ठेवायचं हा त्या जुन्या कपटी सैतानाचा मुख्य डाव आहे, असं म्हणून मग कलमं येतात. त्यामुळे 'जुना कपटी सैतान कायदा' असंच त्याचं नाव पडलं. कनेक्टिकटने १६५० मध्ये तो जवळपास जसाच्या तसा उचलला. ऱ्होड आयलंडने असा कायदा केलाच नाही. सरकारने धर्मात नाक खुपसू नये म्हणणाऱ्यांचीच ती वसाहत.

५. म्हणजे शिक्षण सक्तीचं आणि मोफत होतं, बरोबर?

दोन्ही नाही. सक्ती वाचता येण्याची होती, शाळेत जाण्याची नव्हती. मूल घरी आईच्या मांडीवर शिकलं तरी कायद्याचं समाधान. मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेत हजर राहण्याची सक्ती १८५२ मध्ये आली, म्हणजे वसाहतकाळ संपून पाऊणशे वर्षं झाल्यावर.

'फ्री स्कूल' या नावावरही जाऊ नका. मास्तराचा पगार पालकांनी द्यायचा की सगळ्या गावाने, हे कायद्याने गावावर सोडलं होतं. कुठे कर, कुठे फी, कुठे दोन्ही. बॉस्टनने बंदरातल्या बेटांचं उत्पन्न शाळेला लावून दिलं, डॉर्चेस्टरने थॉम्पसन बेटाचं भाडं. पैसा कमी आणि धान्य जास्त अशा गावात पगार मक्यात, गव्हात मिळायचा. आपल्याकडच्या पंतोजींच्या शिध्याशी याचं नातं लगेच लागतं.

आणि लाकूड! हिवाळ्यात प्रत्येक मुलाच्या घरून जळण यायचं. ज्याच्या बापाने लाकूड पाठवलं नाही त्याला शेकोटीपासून लांब बसवत. जानेवारीत इथे दौतीतली शाई गोठायची, यावरून ती शिक्षा किती लागत असेल ते समजा.

कित्येक गावांनी हिशेब केला की मास्तर ठेवण्यापेक्षा ५ पौंड दंड स्वस्त पडतो, आणि दंड भरून मोकळी झाली. सरकारलाही हे कळत होतं: १६७१ मध्ये दंड १० पौंड झाला, १६८३ मध्ये मोठ्या गावांसाठी २०.

६. डेम स्कूल म्हणजे काय? आणि मुलं कशावर शिकायची, पाटी होती का?

आळीतली एखादी बाई, बहुतेकदा विधवा, स्वतःच्या स्वयंपाकघरात शेजारची पोरं बसवायची, ती डेम स्कूल. आठवड्याला काही पेनी मिळत. बाई एकीकडे चरख्यावर सूत काढतेय, चुलीवर हंडा आहे, चार-पाच वर्षांची मुलं बाकावर ओळीने बसून अक्षरं म्हणतायत. मुली अक्षरांबरोबर शिवण शिकायच्या. बहुतेक मुलांचं सगळं शिक्षण एवढंच.

पाटी नव्हती, हॉर्नबुक होतं. पोळपाटाला मूठ असावी तशी, पण तळहाताएवढी लाकडी फळी. तिच्यावर छापील कागद, आणि पोरांच्या हातांनी तो मळू नये म्हणून वरून शिंगाचा पारदर्शक पापुद्रा, कडेला पितळी पट्ट्या ठोकलेल्या. मुठीला भोक पाडून दोरीने कमरेला बांधायचं. कागदावर सगळ्यांत आधी क्रूस, मग मुळाक्षरं, मग 'अ‍ॅब, एब, इब, ऑब, अब' अशा जोड्या, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. त्या जोड्या घोकताना पोरांचा सूर बाराखडीसारखाच लागत असणार.

त्याच्या पुढची पायरी 'न्यू इंग्लंड प्रायमर'. बेंजामिन हॅरिस या छापखानेवाल्याने ते बॉस्टनमध्ये १६९० च्या आसपास काढलं. हाताळून हाताळून इतकं फाटायचं की आज उरलेली सर्वांत जुनी प्रत १७२७ ची आहे. प्रत्येक अक्षराला एक चित्र आणि दोन ओळींचं यमक. 'ए'ला अ‍ॅडमचं पाप, ज्यात आपण सगळेच पापी झालो. 'एफ'ला शाळेत फटके खाणारा आळशी मूर्ख. 'एक्स'ला इराणचा सम्राट झर्क्सीस मेला, मीही मरणार. पाच वर्षांच्या पोराला हे! 'के'चा किस्सा वेगळा: आधी राजाची स्तुती असायची, स्वातंत्र्यानंतरच्या प्रतींत तिथे ब्रिटिश राजा तेरा राज्यं गमावून बसला.

७. लिहिणं-वाचणं एकत्रच शिकवत असतील ना?

नाही. आपण 'लिहिणं-वाचणं' हा एकच शब्द असल्यासारखा उच्चारतो, त्यामुळे हे पटायला वेळ लागतो. त्या काळात ती दोन वेगळी कामं होती; शिकवणारी माणसं वेगळी, वय वेगळं, पैसे वेगळे.

वाचन आधी, चार-पाचव्या वर्षी, बाईकडून. ते आत्म्यासाठी, म्हणून सगळ्यांना. लिहिणं नंतर, सात-आठव्या वर्षानंतर, पुरुष मास्तराकडून. ते धंद्यासाठी: पत्रं, पावत्या, हिशेब, करार. लिहिणं ही कारागिरी समजली जायची. बदकाच्या पिसाला चाकूने तिरका छेद देऊन टोक मधोमध चिरायचं, ते दर थोड्या ओळींनी बोथट व्हायचं, पुन्हा तासायचं. लहान मुलांना ते जमत नसे, त्यामुळे मास्तरांचा निम्मा दिवस पिसं तासण्यात जायचा. शाई घरी पूड कालवून करायची. कागद महाग. बॉस्टनने लेखनशाळा वेगळ्या ठेवल्या. पहिली १६८४ मध्ये निघाली.

याचा परिणाम असा की बायबल घडाघडा वाचणारी बाई मृत्युपत्रावर सही म्हणून फुली मारायची. ती निरक्षर नव्हती. तिला लेखणी कोणी हातात दिली नव्हती. मुली (प्रश्न ८), गुलाम (प्रश्न १२) आणि साक्षरतेचे आकडे (प्रश्न १४) यांबद्दलचे घोळ याच एका गोष्टीतून निघतात.

८. मुलींना शाळेत प्रवेश होता का?

डेम स्कूलमध्ये हो, गावच्या ग्रामर स्कूलमध्ये नाही. मधल्या शाळांत गावागणिक फरक; कित्येक ठिकाणी मुलगे शेतावर गेले की उन्हाळ्यात बाईंच्या हाताखाली मुलींचा वर्ग भरे. बॉस्टनच्या सार्वजनिक शाळांत मुलींना १७८९ मध्ये प्रवेश मिळाला, तोही २० एप्रिल ते २० ऑक्टोबर एवढाच, मुलगे वर्षभर.

अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स एका राष्ट्राध्यक्षाची बायको आणि दुसऱ्याची आई. तिची पत्रं आज इतिहासकार उशाशी घेऊन झोपतात. ती एक दिवसही शाळेत गेली नव्हती, आणि त्याची खंत तिने स्वतः लिहून ठेवली आहे.

९. ग्रामर स्कूलमध्ये इंग्रजी व्याकरण शिकवत का?

लॅटिन. मुलगा सात-आठ वर्षांचा, वाचायला येणारा हवा; मग सातेक वर्षं लॅटिन, शेवटी थोडं ग्रीक. इसापापासून सुरुवात, सिसेरो आणि व्हर्जिलपर्यंत मजल. हार्वर्डला जायचं तर सिसेरो समोर ठेवल्या ठेवल्या वाचता आला पाहिजे, अशी अट. वेदपाठशाळेत व्यवहारी गणित शोधू नये, तसं इथे हिशेब शोधू नये.

इथला गाजलेला मास्तर म्हणजे इझिकिएल चीव्हर. न्यू हेवन, इप्सविच, चार्ल्सटाऊन आणि शेवटी ३७-३८ वर्षं बॉस्टन लॅटिन. १७०८ मध्ये नव्वदी ओलांडून वारला तेव्हा शिकवायला लागून सत्तर वर्षं झाली होती, आणि तो नोकरीतच होता.

फ्रँकलिन इथे १७१४ मध्ये, आठव्या वर्षी आला आणि वर्षाच्या आत बापाने काढून घेतला; कॉलेजचा खर्च झेपणार नव्हता. मग लेखन-गणिताच्या खासगी शाळेत घातला. अक्षर सुधारलं, गणितात नापास. दहाव्या वर्षी बापाच्या मेणबत्त्या-साबणाच्या दुकानात. त्याची शाळा एवढीच. पुतळ्यासमोर नातवाला उभं करून 'बघ, शाळेत जाऊन किती मोठा झाला' म्हणणाऱ्या आजोबांना मी हे सांगत नाही.

१०. मास्तर मारायचे का?

मारायचे. हार्वर्डचा पहिलाच प्रमुख नॅथनिएल ईटन याने मदतनिसाला अक्रोडाच्या दांडक्याने बडवलं आणि १६३९ मध्ये कोर्टासमोर उभा राहिला. चौकशीत जेवणाच्या तक्रारी निघाल्या. त्याच्या बायकोने खराब मासे वाढल्याचं कबूल केलं, पण मक्याच्या लापशीत शेळीच्या लेंड्या निघाल्या हे आपल्याला ठाऊक नसल्याचं सांगितलं. ईटनला काढलं आणि कॉलेज काही काळ बंदच पडलं. मेसच्या जेवणाबद्दल तक्रार करणाऱ्या मुलांना हा इतिहास जरूर सांगा.

सगळे तसे नव्हते. पेनसिल्व्हेनियातला जर्मन मास्तर ख्रिस्टोफर डॉक (मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा) स्किपॅक आणि सॅलफर्ड अशा दोन गावांत आठवड्याचे तीन-तीन दिवस शिकवायचा. एका शाळेतल्या मुलांनी दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पत्रं लिहायची आणि ती डॉकने पोचवायची. चांगलं काम केलं की पक्षी नाहीतर फूल काढून द्यायचा. मुळाक्षरं पाठ झाली की घरी बापाने एक पेनी द्यायची आणि आईने दोन अंडी तळून घालायची, असा त्याचा दंडक. शाळा कशी चालवावी यावर त्याने १७५० मध्ये लिहिलं ते १७७० मध्ये छापलं गेलं.

११. दक्षिणेत शाळा का दिसत नाहीत?

वस्ती विरळ म्हणून. तंबाखूचे मळे नदीकाठाने मैलोन्‌मैल पसरलेले, ५० घरांचं गावच नाही तर शाळा कुठे काढणार? त्यात राज्यकर्त्यांना इच्छा नव्हती. व्हर्जिनियाचा गव्हर्नर विल्यम बर्कली याने १६७१ मध्ये लंडनला कळवलं की आमच्याकडे मोफत शाळा नाहीत आणि छापखाना नाही याबद्दल देवाचे आभार, आणि शंभर वर्षं तरी ते नसोत. शिकलेला माणूस बंड करतो, अशी त्याची समजूत.

श्रीमंत मळेवाले घरी मास्तर ठेवत. प्रिन्स्टनला शिकलेला फिलिप फिथियन १७७३ मध्ये रॉबर्ट कार्टर यांच्या नॉमिनी हॉलमध्ये आला: दोन मुलगे, एक पुतण्या-भाचा आणि पाच मुली. थोरल्याला लॅटिन, धाकटीला मुळाक्षरं, सगळं एका खोलीत. मध्यम घरांतले लोक वर्गणी काढून पडीक शेतात खोपट बांधत. त्या झाल्या 'ओल्ड फील्ड स्कूल'.

१२. गुलामांना शिकवणं गुन्हा होता ना?

सरसकट नव्हता, निदान वसाहतकाळात. दक्षिण कॅरोलिनात १७३९ मध्ये गुलामांचं स्टोनोचं बंड झालं आणि १७४० चा कायदा आला: गुलामाला लिहायला शिकवलं तर १०० पौंड दंड. वाचनावर त्यात बंदी नाही. का, ते प्रश्न ७ वाचलेल्याला लगेच कळेल. वाचणारा गुलाम बायबल वाचेल, ते मालकांना चालत होतं. लिहिणारा गुलाम स्वतःसाठी बाहेर पडायचा पास लिहील आणि निघून जाईल. तिथे वाचन शिकवण्यावर बंदी १८३४ मध्ये आली.

व्हर्जिनियाच्या विल्यम्सबर्गमध्ये १७६० ते १७७४ कृष्णवर्णीय मुलांसाठी ब्रे स्कूल चालली, शिक्षिका अ‍ॅन वेजर. वाचन, धर्म आणि मुलींना शिवण. आज्ञाधारक राहा हे शिकवणं हाच हेतू, यात शंका नको. पण वाचन शिकलेलं मूल पुढे काय वाचेल हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. फिलाडेल्फियात अँथनी बेनेझे या क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) शिक्षकाने १७५० पासून कृष्णवर्णीयांचे वर्ग घरी घेतले, तेही वेगळ्या भावनेने.

१३. मूळ रहिवाशांच्या मुलांचं काय?

हार्वर्डमध्ये १६५५ च्या सुमारास त्यांच्यासाठी विटांची इमारत झाली. विद्यार्थी मोजकेच आले. केलेब चीशाटोमक हा वाम्पनोग जमातीचा तरुण १६६५ मध्ये पदवीधर झाला आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेला. त्याचा वर्गबंधू जोएल आयाकूम्स पदवीच्या तोंडावर घरून परतताना मारला गेला. त्याला हार्वर्डने पदवी दिली ती २०११ मध्ये. त्याच इमारतीत छापखाना होता आणि १६६३ मध्ये जॉन एलियटचं वाम्पनोग भाषेतलं बायबल छापलं गेलं. जुळाऱ्याचं काम करणाऱ्यांत जेम्स प्रिंटर हा निपमक जमातीचा तरुण होता.

सगळ्यांना हे नको होतं. १७४४ मध्ये लँकेस्टरच्या तहाच्या वेळी व्हर्जिनियाने इरोक्वॉय या मूळ रहिवासी लोकांना मुलं कॉलेजला पाठवायला सांगितलं. आमची मुलं आम्हाला फार प्रिय आहेत, इतक्या लांब पाठवणार नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं.

१४. तेव्हा न्यू इंग्लंडमध्ये ९० टक्के साक्षरता होती, हे खरं का?

ते आकडे मृत्युपत्रांवरच्या सह्या मोजून काढलेले. १६६० च्या सुमारास साधारण ६० टक्के पुरुष सही करत, १७९० पर्यंत ९० टक्के. बायकांचं प्रमाण शेवटपर्यंत निम्म्याच्या खाली. पण सही म्हणजे लिहिणं. वाचू शकणाऱ्या पण फुली मारणाऱ्या बायका यात निरक्षर धरल्या जातात. शिवाय ज्याच्याकडे ठेवण्यासारखं काही आहे तोच मृत्युपत्र करतो. म्हणजे पुरुषांचा आकडा थोडा फुगलेला आणि बायकांच्या वाचनाचा बराच दबलेला.

१५. या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

वसाहतकाळात नाही, नंतर आहे. प्युरिटनांच्या चर्चचे वारसदार म्हणजे मॅसॅच्युसेट्सचे काँग्रिगेशनल लोक. त्यांनी १८१० मध्ये परदेशी मिशनचं मंडळ काढलं आणि १८१३ मध्ये त्यांचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. १८१५ मध्ये मुलांची शाळा, १८२४ मध्ये मुलींची. हेतू तोच जुना: बायबल वाचता यावं. फक्त आता मराठीत.

न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरोच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये आल्या, १८३९ मध्ये अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) गेल्या आणि १८६२ मध्ये वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. सावित्रीबाईंच्या विद्यार्थिनी मात्र नुसतं वाचून थांबल्या नाहीत. मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने १८५५ मध्ये स्वतः निबंध लिहिला, आणि तो छापूनही आला.